कोरड्या महिन्यांचा हिशेब : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

गणेशगुडीस राहणाऱ्या माणसाला सुपा धरणाची ओळख करून द्यावी लागत नाही. काळी नदीवर १०१ मीटर उंचीची ती भिंत १९८७ साली पुरी झाली. तिच्यामागे सुमारे १४५ अब्ज घनफूट पाणी मावते. हे पाणी आधी धरणाच्या पायथ्याशी, मग खाली नागझरीस आणि त्याही पुढे कोडसळ्ळी व कद्रा येथे वीज निर्माण करीत समुद्राकडे जाते. पाऊस मात्र आपल्याकडे जून ते सप्टेंबर असे चारच महिने पडतो, आणि विजेचा दिवा बाराही महिने लागतो. चार महिन्यांच्या दानावर बारा महिन्यांचा संसार कसा चालवावा, या प्रश्नाशी आपल्या राज्यात ज्यांनी आयुष्यभर झुंज घेतली, त्यांचे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. सुपा धरण त्यांनी बांधले नाही. त्याचे काम पुरे झाले तेव्हा त्यांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. तथापि या धरणामागे जो हिशेब आहे, तो समजून घ्यावयाचा तर त्यांच्या चरित्राकडेच वळावे लागते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर रोजी म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या लहानशा गावी झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरची स्थिती बेताचीच होती. विश्वेश्वरय्या शाळकरी वयात असतानाच वडिलांचे छत्र हरपले. पुढील शिक्षणासाठी ते बेंगळूरला आले आणि इतर मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला. १८८१ साली ते बी. ए. झाले. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन त्यांना पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात धाडले. हेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १८८३ साली स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत ते पहिले आले, आणि लगेच १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. अशा रीतीने कानडी मुलखात जन्मलेल्या या मुलाच्या उमेदीची जवळजवळ पाव शतकाची वर्षे मराठी मुलखात गेली. आपला उत्तर कन्नड जिल्हाही त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे.

त्यांची पहिली नेमणूक नाशिकची. तेथून ते खानदेशात गेले. धुळे भागात दातर्ती येथे पांझरा नदीच्या पात्राखालून कालव्याचे पाणी नळाने पलीकडे न्यावयाचे काम या तरुण अभियंत्याकडे आले. पांझरा ही उन्हाळ्यात वाळूची नदी, आणि पावसाळ्यात एका रात्रीत पुराने फुगणारी. खोदलेले चर पुराबरोबर वाळूने भरून जात. काम थोडे पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांस सुचविले. वरिष्ठांस ते रुचले नाही. अखेर त्यांनी ते त्याच पावसाळी दिवसांत नेटाने तडीस नेले. नदीची सरासरी आणि नदीचा स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि पांझरेच्या वाळूत उभे राहून अनुभवणे निराळे.

पुढे सक्कर, सुरत, पुणे अशा अनेक ठिकाणी त्यांनी पाणीपुरवठ्याची कामे केली. पुण्यास न्यायमूर्ती रानडे व गोपाळ कृष्ण गोखले यांच्या परिचयाचा त्यांना लाभ झाला. नीरा कालव्यावर १८९९ च्या सुमारास त्यांनी पाणीवाटपाची गट पद्धती सुचविली. ज्याला मिळेल त्याने भरमसाट पाणी घ्यावे आणि शेवटच्या गावाने कोरडे राहावे असे न होता, गटागटाने व पिकांची फेरपालट करून तेच पाणी अधिक गावांना पुरावे, हा तिचा हेतू. १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर त्यांच्या कल्पनेची आपोआप उघडणारी व मिटणारी दारे बसली. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की ती दारे आपणच उघडत, पूर ओसरला की आपणच मिटत. धरणाची भिंत न वाढविता तलावात अधिक पाणी साठू लागले, आणि पुराची भीतीही राहिली नाही. कोणी माणूस रात्री जागा राहून दारे उघडील या भरवशावर त्यांनी काम ठेवले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मुख्य अभियंत्याचे पद हिंदी माणसाला मिळण्याची आशा त्या काळी नव्हती. १९०८ साली त्यांनी सरकारी सेवेतून निवृत्ती घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस हैदराबाद शहरात मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलाविले. शहराच्या वरच्या अंगास पूर अडविणारे तलाव बांधावेत अशी योजना त्यांनी दिली. उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव त्यातूनच झाले. पाण्याचा अभाव जसा हिशेबात धरावा लागतो, तसा त्याचा अतिरेकही धरावा लागतो.

१९०९ च्या नोव्हेंबरात ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. त्यांच्यासमोर जो प्रश्न उभा राहिला तो नीट समजावून घेतला पाहिजे, कारण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्या प्रश्नातून निघाले.

कावेरी नदी शिवनसमुद्र येथे कड्यावरून खाली कोसळते. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने तेथे वीजकेंद्र उभारले गेले आणि १९०२ च्या जूनअखेर ते सुरू झाले. तेथील वीज १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना जाऊ लागली. एवढ्या अंतरावर वीज वाहून नेणे हा त्या काळी साऱ्या आशिया खंडात पराक्रम गणला गेला. १९०५ साली बेंगळूरच्या रस्त्यांवरही विजेचे दिवे लागले. परंतु या केंद्रामागे मोठा जलाशय नव्हता. नदीत जे वाहून येईल तेवढ्यावरच यंत्रे फिरावयाची. पावसाळ्यात कड्यावरून इतके पाणी पडे की त्यातील फार थोडे उपयोगात येई, आणि उन्हाळ्यात प्रवाह इतका आटे की खाणींना ठरलेली वीज देणे कठीण होई. खोल खाणीतील पंप आणि पाळणे विजेवर चालत. वीज कमी झाली तर काम थांबे, पाणी तुंबे आणि संस्थानाचा शब्द खोटा ठरे.

विद्यार्थ्यांनी येथे एक लहानसे गणित करून पाहावे. समजा एखादी नदी पावसाळ्याच्या चार महिन्यांत दरमहा १००० माप पाणी देते आणि उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा १०० माप. वर्षाचे एकूण ४८०० माप झाले, दरमहा सरासरी ४०० माप. ही सरासरी पाहून कोणी ४०० मापांची यंत्रे बसविली आणि दरमहा ४०० मापांची वीज देण्याचे वचन दिले, तर काय होईल? चार महिने वचन पाळले जाईल, आणि दरमहा ६०० माप पाणी वाया जाईल. आठ महिने एकचतुर्थांशच वीज मिळेल. वर्षाअखेर २४०० मापांचाच उपयोग झालेला दिसेल, म्हणजे सरासरीने सांगितल्याच्या बरोबर निम्मा. आता पावसाळ्यात वाया जाणारे चार महिन्यांचे २४०० माप कोठे साठविता आले, तर कोरड्या आठ महिन्यांची दरमहा ३०० मापांची तूट तेवढ्यानेच नेमकी भरून निघते. जलाशय केवढा असावा, हे नदीच्या सरासरीवरून कळत नाही; कोणत्या महिन्यात किती पाणी येते आणि कोणत्या महिन्यात किती लागते, यांचा महिनावार ताळा मांडावा लागतो. तोही एका वर्षाचा पुरत नाही, कारण लागोपाठ दोन अवर्षणे आली तर पहिल्या वर्षाची शिल्लक दुसऱ्यास उरत नाही. असा ताळा मांडण्याची शास्त्रीय रीत रिपल नावाच्या अभियंत्याने १८८३ मध्ये, विश्वेश्वरय्या पुण्यास उत्तीर्ण झाले त्याच वर्षी, प्रसिद्ध केली होती.

विश्वेश्वरय्यांनी म्हैसूरजवळ कन्नंबाडी येथे कावेरीवर धरण बांधण्याची योजना मांडली. खर्चाचा अंदाज २ कोटी ५३ लक्ष रुपयांचा होता. संस्थानाच्या खजिन्यास ही रक्कम प्रचंड होती. एवढा पैसा पाण्यात घालावा काय, एवढी वीज घेणार तरी कोण, अशा शंका दरबारात निघाल्या, आणि त्या अगदीच अनाठायी होत्या असेही नाही. भविष्यातील मागणीचा अंदाज चुकला तर कर्ज मात्र खरे राहते. महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी अखेर मंजुरी दिली आणि १९११ मध्ये काम सुरू झाले. दुसरी अडचण खालच्या अंगाची होती. कावेरीवर मद्रास इलाख्यातील तंजावरची भातशेती अवलंबून होती. वरती पाणी अडविले तर आपले काय, हा मद्रासचा प्रश्नही रास्तच होता. प्रथम केवळ ११ अब्ज घनफूट साठ्यास त्या सरकारची संमती मिळाली. परंतु म्हैसूरने पाया मात्र पुढील मोठ्या उंचीस पुरेल इतका रुंद घातला. वाद लवादाकडे गेला, पुढे वाढत गेला आणि १९२४ च्या कराराने मिटला. पाण्याचे भांडण म्हणून तो पुढेही पुष्कळ वर्षे धुमसतच राहिला. खाणींना वाढीव वीज देण्याची मुदत गाठण्यासाठी १९१५ च्या पावसाळ्यापूर्वी भिंत ठरावीक पातळीस नेणे भाग होते. हिवतापाने मजूर आजारी पडत असतानाही रात्रंदिवस काम चालले आणि मुदत साधली. सिमेंटऐवजी चुना व विटांची भुकटी यांची सुरखी वापरून ही अडीच किलोमीटरांहून लांब भिंत उभी राहिली. १९३१ च्या सुमारास धरण पूर्ण झाले. कृष्णराजसागर या नावाने ते आज ओळखले जाते आणि त्यात सुमारे ४९ अब्ज घनफूट पाणी मावते. त्याच्या पाण्याने मंड्य भागात ऊस व भात पिकू लागले, आणि शिवनसमुद्रच्या यंत्रांना उन्हाळ्यातही पाणी मिळू लागले.

या यशोगाथेत एक गोष्ट पुष्कळदा गाळली जाते. ज्या कन्नंबाडी गावाच्या नावाने धरण प्रथम ओळखले गेले, ते गाव आपल्या वेणुगोपाळाच्या देवळासह पाण्याखाली गेले. आसपासची इतर गावेही गेली. आपल्या भागातील वाचकांना याचा अर्थ सांगावयास नको. जुने सुपा गाव, जे एके काळी आपल्या तालुक्याचे मुख्य ठिकाण होते आणि ज्याचे नाव तालुक्यालाही होते, ते आज जलाशयाच्या तळाशी आहे. तेथील कुटुंबे रामनगर व इतरत्र वसली. महिनावार ताळ्यात पाण्याचे माप बिनचूक मांडता येते. उठून गेलेल्या घराचे माप कोणत्या रकान्यात मांडावे, हे अद्याप कोणी पुरते ठरविलेले नाही.

१९१२ ते १९१८ या काळात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना यांच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा आहे. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना निश्चित वाटा देण्याच्या महाराजांच्या धोरणाशी त्यांचे पटले नाही आणि त्यांनी दिवाणगिरी सोडली. नेमणूक केवळ गुणावर व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. आज मागे वळून पाहता महाराजांची दृष्टी या बाबतीत अधिक दूरची होती असे म्हणावे लागते. शाळेच्या दारापर्यंतच ज्यांना पोहोचू दिले गेले नव्हते त्यांचे गुण परीक्षेत कसे दिसावेत?

दिवाणगिरीनंतर त्यांचे लक्ष साऱ्या देशाकडे वळले. १९३४ साली त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि दहा वर्षांची योजना मांडली. स्वतंत्र भारताची पहिली पंचवार्षिक योजना त्यानंतर सतरा वर्षांनी सुरू झाली. या सर्व लेखनात त्यांचा आग्रह आकड्यांचा आहे. किती माणसे, किती उत्पन्न, किती कारखाने, किती वीज, हे आधी मोजावे आणि मग योजना करावी.

वाऱ्याच्या विजेशी विश्वेश्वरय्यांचा संबंध आला नाही. परंतु त्यांना कावेरीने घातलेला पेच आज वारा नव्याने घालीत आहे. त्यांच्याच काळी डेन्मार्कमध्ये पोल ला कूर नावाचे शिक्षक आस्कोव्ह येथील विद्यालयात १८९१ पासून पवनचक्कीने वीज निर्माण करीत होते. वारा पडला की दिवे विझू नयेत म्हणून त्या विजेने पाण्यापासून हायड्रोजन वायू काढून ते साठवीत आणि त्या वायूवर शाळेत दिवे लावीत. त्यांच्या दृष्टीने तोच त्यांचा जलाशय होता. ज्या साक्री तालुक्यात विश्वेश्वरय्यांनी पांझरेच्या पात्रातून नळ नेले, त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर आज पवनचक्क्यांची मोठी रांग आहे. साताऱ्याकडे वनकुसवडे व चाळकेवाडी, आपल्या राज्यात गदग आणि चित्रदुर्ग येथील डोंगरांवरही त्या फिरताना दिसतात.

वाऱ्याचा स्वभाव नदीहूनही लहरी आहे. नदी महिन्यांनी बदलते, वारा तासांनी. शिवाय वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते : वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. एक दिवस सेकंदास ४ मीटर आणि दुसरा दिवस ८ मीटर वारा वाहिला, तर सरासरी ६ मीटर येते. सहाचा घन २१६. परंतु दोन दिवसांचे घन ६४ व ५१२, त्यांची सरासरी २८८. म्हणजे सरासरी वेगावरून हिशेब करणारा एकूण विजेचा अंदाज कमी करतो, आणि वीज नेहमी मिळत राहील असा समज करून घेऊन तिचा भरवसा मात्र वाजवीपेक्षा अधिक धरतो. पहिल्या दिवशी त्याच्या हाती दुसऱ्या दिवसाच्या एकअष्टमांशच वीज येते, हे त्याच्या कागदावर कोठेच दिसत नाही.

राज्याला पुढील पंधरा-वीस वर्षांत किती वीजकेंद्रे लागतील याची योजना करणारे अभियंते आज संगणकावर गणिती प्रतिमान मांडतात. वर्षाचे ८७६० तास, आणि अशी कित्येक वर्षे; प्रत्येक तासाची मागणी, वारा, ऊन, पाणी हे सर्व मांडले तर गणित फार मोठे होते. म्हणून पुष्कळदा वर्षातील काही नमुन्याचे दिवसच निवडतात. खरी मेख त्या निवडीत आहे. नमुन्याचे दिवस सरासरीचे निवडले, तर ज्या संध्याकाळी साऱ्या राज्यात दिवे लागलेले असतात आणि डोंगरावरील पाती स्तब्ध असतात, ती संध्याकाळ हिशेबातून निसटते. मग कागदावर वीज पुरते आणि प्रत्यक्षात पुरत नाही. शेजारशेजारच्या डोंगरांवरील वारा पुष्कळदा एकदमच पडतो. त्यामुळे चक्क्यांची संख्या वाढविली म्हणून भरवशाची वीज त्या प्रमाणात वाढत नाही. शंभर मेगावॅटच्या पवनचक्क्या या अडचणीच्या तासाला शंभर मेगावॅट म्हणून धरता येत नाहीत.

येथे आपली काळी नदी उपयोगी पडते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत पवनचक्क्या जोरात फिरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सुपा जलाशय भरत असतो. त्या वेळी वाऱ्याची वीज घ्यावी आणि पाणी राखून ठेवावे. वारा पडला की धरणाची यंत्रे काही मिनिटांत सुरू करावीत. कोळशाच्या भट्टीला हे इतके चटकन जमत नाही. अर्थात पाऊसच कमी झाला तर हाही आधार लंगडा पडतो, आणि म्हणून वाऱ्याचा व पावसाचा ताळा एकाच वहीत मांडावा लागतो.

विश्वेश्वरय्यांना १९५५ साली भारतरत्न हा किताब मिळाला. १९६० मध्ये त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली, आणि ते हयात असतानाच त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. १९६२ च्या एप्रिल महिन्यात बेंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे स्मारक मुद्देनहळ्ळीस आहे, आणि १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आपल्याकडे पावसाळा ओसरू लागतो, आणि सुप्याच्या भिंतीवर उभे असलेले अभियंते उरलेल्या आठ महिन्यांसाठी पाण्याची पातळी वहीत टिपून घेत असतात.